अंगणातल्या मुंग्या



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिला, म्हणजे तो महागाईभत्त्यावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘अंगणातल्या मुंग्या’ असे कळवले, आणि त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मी कीटकशास्त्रज्ञ नव्हे. आठवीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण सूतगिरणीच्या दारात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही हा विषय घेतला, कारण या बाबतीत मी एक मोठी चूक केली आहे, आणि तीच चूक आपल्या गावात घरोघर होत असते. स्वतःच्या चुकीवर बोलायला पदवी लागत नाही.

आमच्या घरामागे परसात पेरूचे एक झाड आहे. आईने लावलेले. आठ वर्षांपूर्वी त्याच्या खोडावरून मुंग्यांची रांग चढू लागली. पाने चिकट झाली, मग काळी पडली. फळे वाढेनात. आपण सगळे करतो तोच हिशेब मी केला : झाडावर मुंग्या आहेत आणि झाड बिघडले आहे, त्या अर्थी मुंग्यांनीच ते बिघडवले. बाजारातून ‘मुंग्यांचे औषध’ आणले. दुकानदाराने मोठ्या डब्यातून ते एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीत ओतून दिले. बाटलीवर ना नाव, ना प्रमाण. ‘बादलीला एक झाकण’ असे तोंडी सांगितले. मी दोन झाकणे टाकली. मुंग्या पटापट गळून पडल्या आणि मला मोठे समाधान वाटले.

दिवाळीच्या सुट्टीचे दिवस. चौथ्या दिवशी शेजारचा पाच वर्षांचा मुलगा खेळता खेळता परसात आला, आणि खाली पडलेला पेरू उचलून तसाच खाऊन गेला. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम. रात्री इस्पितळात डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला : ‘औषध कोणते होते?’ मला उत्तर देता आले नाही. सुदैवाने पोरगा वाचला. तिसऱ्या दिवशी घरी आला. मुंग्या त्याच्याही आधी परत आल्या होत्या.

त्याच वर्षी एका कारखान्यात रसायने हाताळणाऱ्या कामगारांना हातमोजे आणि नाकावरचे मुखवटे मिळावेत, डब्यांवर मराठीत नावे असावीत, म्हणून आम्ही दारात धरणे धरले होते. माझ्या घरच्या बाटलीवर मात्र कोणत्याच भाषेत नाव नव्हते. त्या मुलाच्या आईने मला एक शब्दही लावून बोलले नाही, हे मला अधिक लागले. तेव्हापासून मी मुंग्यांविषयी वाचू लागलो आणि पाहू लागलो.

पहिला धडा मिळाला तो पुस्तकातून नव्हे. सार्वजनिक बागांतले कंत्राटी माळी आमच्या संघटनेत आहेत. त्यांतले एक वयस्क गृहस्थ, आम्ही त्यांना मामा म्हणतो, घरी आले असता झाड पाहून म्हणाले, ‘भाऊ, मुंग्या झाडावर फुकट चढत न्हाईत. वर त्यांना रोजी मिळते. रोजी देणारा कोण हाय, ते पानामागं बघा.’

मी पान उलटे केले. शिरेच्या कडेने पांढऱ्या कापसाचे ठिपके चिकटलेले होते. जवळून पाहिले तर ते ठिपके जिवंत होते. हाच तो पिठ्या ढेकूण. आजच्या विषयाचे सार या एका पानात आहे, म्हणून ते नीट उलगडून सांगतो.

पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड, तुडतुडे ही सगळी रस शोषणारी मंडळी. सोंड झाडाच्या शिरेत खुपसून ती बसतात. झाडाच्या रसात साखर भरपूर असते, पण अंग वाढायला लागणारे प्रथिनांचे अंश फार थोडे असतात. ते थोडेसे मिळवण्यासाठी या किडीला रस पुष्कळ ओढावा लागतो, आणि जास्तीची साखर ती मागच्या बाजूने थेंबाथेंबाने टाकून देते. आपले शेतकरी याला चिकटा म्हणतात. पान चिकट होते ते या साखरेमुळे. त्या साखरेवर काळी बुरशी वाढते, पान काजळी धरल्यासारखे दिसते आणि त्याला ऊन मिळेनासे होते. नागपूरकडचे संत्रे बागाईतदार याच प्रकाराला कोळशी म्हणतात. तिथे रस शोषणारी असते काळी माशी.

मुंग्या चढतात त्या या साखरेसाठी. मुंगी माव्याच्या पाठीला मिशांनी थोपटते आणि तो थेंब सोडतो. गवळी गाईची धार काढतो तसाच हा व्यवहार. आणि गाय ज्याची, तो तिची राखणही करतो. ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड भुंगेरा, त्याची अळी, किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, हे सगळे या किडींचे शत्रू. ते आले की मुंग्या त्यांना चावून हुसकून लावतात. काही जातीच्या मुंग्या तर किडीला उचलून नव्या कोवळ्या फुटीवर नेऊन ठेवतात. म्हणून मुंग्यांचा पहारा असलेल्या झाडावर कीड बेसुमार वाढते.

तेव्हा मुंगी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण पान बिघडवणारी ती नव्हे. बिघडवणाऱ्याची ती राखणदार आहे. झाडावरची मुंग्यांची रांग ही बहुतेक वेळा एक वर्दी असते, की वर काहीतरी रस शोषत बसले आहे. मी विष फवारले ते वर्दी आणणाऱ्यावर. शिवाय त्या फवाऱ्याने ढालकिडे आणि बारीक गांधीलमाश्या मेल्या. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणचट पिठाचे कवच असते, त्यामुळे तो पुष्कळसा वाचला. मुंग्या आठवड्याने परतल्या तेव्हा त्यांना राखण करण्याचेही काम उरले नव्हते.

यालाही अपवाद आहेत, ते ध्यानात ठेवावेत. चवळी, एरंड, काजू अशा काही झाडांना फुलाबाहेर, देठाशी किंवा पानाजवळ, गोड रसाच्या स्वतःच्या ग्रंथी असतात. तिथे मुंग्या दिसल्या म्हणजे कीड आहेच असे नाही. मुंग्यांना बोलावून पाने खाणाऱ्या अळ्यांचा परस्पर बंदोबस्त करण्याची ती झाडाचीच युक्ती असते. म्हणून आधी पान उलटे करून पाहायचे, मग बोलायचे.

आता मुंग्या इतक्या लवकर परत का आल्या, हा दुसरा प्रश्न. खोडावर दिसतात त्या मुंग्या म्हणजे वारुळाचा एक लहानसा भाग. त्या सगळ्या माद्या असतात, पण अंडी घालण्याचे काम राणीचे. राणी म्हटले तरी ती हुकूम सोडत नाही. अंडी घालणे एवढेच तिचे काम. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी संशोधकांच्या देखरेखीखाली सुमारे २९ वर्षे जगल्याची नोंद आहे. राणी आत सुखरूप असेल तोवर बाहेरच्या शंभर मेल्या काय आणि हजार मेल्या काय, भरती चालूच राहते.

आणखी एक गोष्ट वाचून तर मला हसू आले. लहानपणापासून आपण मुंगीच्या उद्योगीपणाचे गोडवे ऐकतो. आम्हा कामगारांना तर ते फार ऐकवले जातात. पण अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी एका जातीच्या मुंग्यांवर एकेक रंगाचे ठिपके देऊन पाळत ठेवली, तेव्हा मोठ्या संख्येने मुंग्या बराच काळ नुसत्या बसून असल्याचे दिसले. २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामात पुढचा भाग आहे. सर्वांत कामसू मुंग्या उचलून घेतल्या, तेव्हा आठवड्याभरात या बसलेल्या मुंग्यांपैकी काही उठून त्या कामाला लागल्या. गिरणीगावात बदली कामगार म्हणजे काय हे सांगायला नको. आपण रांग मारतो, म्हणजे पाळीवरची माणसे काढतो. आतले बदली लगेच दारात येतात.

वाटही त्यांना शोधावी लागत नाही. अन्न सापडलेली मुंगी परतताना पोट जमिनीला टेकवत वासाची रेघ ओढत जाते, मागच्या मुंग्या तीच गिरवतात. घरी करून पाहा : भिंतीवरच्या रांगेत मधेच ओल्या फडक्याने हातभर जागा पुसा. दोन्ही बाजूंच्या मुंग्या तिथे येऊन घोटाळतात. थोड्या वेळाने एखादी पलीकडे पोचते आणि रांग पुन्हा जुळते. हळद, राख, रांगोळी टाकून होते ते एवढेच. तो अटकाव घटकाभराचा; वाऱ्याने नाहीतर पाण्याने तो मोडला की संपला. बाजारात मिळणाऱ्या मुंग्यांच्या खडूत मात्र नुसता खडू नसतो, कीटकनाशक मिसळलेले असते. त्याने ओट्यावर किंवा मुलांच्या हाताला लागेल अशा जागी रेघा ओढू नयेत.

मग करावे काय? मामांनी सांगितले, मी वाचले आणि परसात करून पाहिले, त्या क्रमाने सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिले काम पाहण्याचे. संध्याकाळी बॅटरी घेऊन रांगेच्या मागे जावे. वर ती कोणत्या फांदीवर थांबते आणि खाली कोणत्या भेगेत शिरते, ही दोन टोके सापडली की निम्मे काम झाले. जास्वंद, सीताफळ, पेरू यांवर बहुधा पिठ्या ढेकूण सापडेल; वालाच्या शेंड्यावर काळा मावा; लिंबाच्या काडीवर खवले.

दुसरे काम धुण्याचे. फार किडलेली काडी किंवा फळ कापून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवावे. ते अंगणात टाकले तर कीड चालत पुन्हा झाडावर जाते. बाकीच्या पानांच्या पाठीवर नळीने जोराचे पाणी मारावे. मग दर लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता पातळ साबण घालून, चांगले ढवळून, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. कपड्याची तीव्र पावडर वापरू नये, पाने करपतात. आधी एका फांदीवर करून दोन दिवस पाहावे. फवारणी उन्हात न करता संध्याकाळी करावी, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावी. एका धुण्याने अंडी जात नाहीत. झाडाला युरियाचा मारा करू नये. जास्त नत्राने कोवळी लुसलुशीत फूट येते, आणि ती या किडींना फार आवडते.

तिसरे काम पूल तोडण्याचे. आपण खोडाकडे पाहत बसतो आणि मुंग्या कपड्यांच्या तारेवरून, भिंतीला टेकलेल्या फांदीवरून, वेलीला दिलेल्या काठीवरून येत असतात. टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात, तार झाडावरून काढून खांबाला बांधावी. आमच्या झाडाला असे तीन पूल होते.

चौथे काम खोडाला पट्टा बांधण्याचे. आंब्यावरच्या पिठ्या ढेकणाची पिल्ले हिवाळ्यात जमिनीतून निघून खोडावरून चढतात. त्यांच्यासाठी कृषी खाते हा उपाय फार वर्षांपासून सांगत आले आहे. तो मुंग्यांनाही लागू पडतो. गुडघ्याच्या वर खोडावरची सुटी साल हलकेच खरवडावी, भेगा मातीने लिंपाव्यात. त्यावर २५ ते ३० सेंटिमीटर रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा पट्टा घट्ट गुंडाळून वर-खाली सुतळीने बांधावा आणि पट्ट्यावर बोटभर रुंदीचे ग्रीस फासावे. ग्रीस थेट सालीला लावू नये, सालीला इजा होते. दर आठवड्याला पाहावे, कारण धूळ आणि पालापाचोळा ग्रीसवर बसला की मुंग्यांना आयता रस्ता मिळतो. खोड वाढते, म्हणून सुतळी मधूनमधून सैल करावी आणि हंगाम संपला की पट्टा काढून टाकावा.

या चार कामांनंतर पाचवे काम बहुधा करावे लागत नाही. रांग घरात शिरत असेल किंवा वारूळ पायरीखालीच असेल, तर मुंगीच्या हातूनच विष आत पोचवावे लागते. ते विष हळू मारणारे हवे. जलद मारले तर मुंगी वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काही पोचत नाही. माझे दोन झाकणांचे औषध इथेच फसले होते. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवावे, त्यात कापूस भिजवून तो झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डबीत ठेवावा आणि डबी रांगेशेजारी ठेवावी. बोरिक अ‍ॅसिड वाढवले म्हणजे काम लवकर होईल, असे मनात आणू नये. उलट मुंग्या ते खायचे टाळतात किंवा लवकर मरतात. पहिले दोन दिवस मुंग्या वाढलेल्या दिसतील. तेव्हा त्यांना मारू नये, त्या ते घरी नेत आहेत. दर दोन-तीन दिवसांनी ताजे भरावे. दोन ते चार आठवडे लागतात.

कॅरमच्या पाटावर टाकतात ती पांढरी पूड म्हणजे बहुधा बोरिकच, त्यामुळे ती पुष्कळांना निरुपद्रवी वाटते. तशी ती नाही. लहान मुलाच्या पोटात गेली तर घातक ठरते. डबी मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाताबाहेर ठेवावी, तिच्यावर ‘विष’ असे ठळक लिहावे, मोजायचा चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. झाडाच्या आळ्यात ती सांडू नये. बोरॉन जास्त झाले की मुळांना बाधते.

चावऱ्या लाल मुंग्यांचे वारूळ मुलांच्या खेळण्याच्या जागी फरशीच्या सांध्यात असेल, तर त्यात उकळते पाणी दोन-तीन वेळा जपून ओतावे; झाडाच्या मुळाशी मात्र नको. रॉकेल कुठेच ओतू नये, त्याने माती मरते. ही लाल मुंगी जबड्याने धरून मागच्या नांगीने डंख करते. बहुतेकांना फोड येऊन जातो; पण एखाद्याला श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, तर घरगुती उपाय न करता तडक इस्पितळ गाठावे. खोडावर मातीचा पापुद्रा चढलेला दिसला तर ती वाळवी. ती मुंगी नव्हेच, झुरळाच्या कुळातली आहे. तिचे उपाय निराळे.

सगळ्या मुंग्यांना हाकलण्याचीही गरज नाही. कुंपणाच्या कडेला राहणारे मुंगळे मेलेले किडे उचलतात, माती भुसभुशीत करतात. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या मुंग्या दिव्याभोवती जमतात. मुंगीला पंख फुटले की तिचा नाश जवळ आला, असे आपण म्हणतो. हे निम्मे खरे आहे. नर मरतात, बहुतेक माद्याही पक्ष्यांच्या तोंडी जातात; पण जी वाचते ती पंख गाळून मातीत शिरते आणि नवे वारूळ मांडते. अंगणात त्यानंतर दिसणाऱ्या मातीच्या बारीक ढिगांना घाबरून विष टाकण्याचे कारण नाही.

कोकणातल्या श्रोत्यांना हुमले, म्हणजेच ओंबील, माहीत असतील. आंब्या-काजूवर पाने जोडून घर करणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या. आम्हा सूतगिरणीवाल्यांना त्यांचे काम पाहण्यासारखे. काही मुंग्या दोन पानांच्या कडा ओढून धरतात, आणि बाकीच्या आपल्याच अळ्या तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. अळी रेशमाचा धागा सोडते, मुंगी तिला धोट्यासारखी चालवते आणि पाने शिवली जातात. या मुंग्या चावतात आणि चावल्या जागी आम्ल सोडतात, म्हणून आंबे उतरवणाऱ्या गड्याचे हाल होतात. पण काजूवरच्या ढेकण्यासारख्या किडी त्या मारून खातात. ऑस्ट्रेलियात डार्विनकडच्या संशोधकांनी काजूच्या आणि आंब्याच्या बागांत या कुळातली मुंगी मुद्दाम राखून किडी आटोक्यात ठेवता येतात असे दाखवले आहे. चीनमध्ये तर हे ज्ञान फार जुने. चौथ्या शतकातला मानल्या जाणाऱ्या एका चिनी वनस्पतिग्रंथात, संत्र्याच्या जातीच्या झाडांसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकायला येत असल्याचा उल्लेख आहे. पुढे तिथले बागाईतदार मुंग्यांना झाडावरून झाडावर जायला बांबूचे पूल बांधून देत. ओंबीलही खवले किडीची राखण करतात, हा त्यांचा दोष आहे. म्हणून वाटेवरचे, दाराशी आलेले घरटे काढावे. दूरच्या काजूवरचे राहू द्यावे.

ज्यांना हे सारे सावकाशीचे वाटते, त्यांनी एक उदाहरण पाहावे. २००८ साली कोइंबतूरकडे पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला. तो झपाट्याने पसरला, महाराष्ट्रातही आला. पपई, तुती, जास्वंद काही सोडीना. शेतकऱ्यांनी फवारणीमागून फवारणी केली, कीड हटली नाही. २०१० साली बंगळूरच्या सरकारी कीटकसंस्थेने प्वेर्टो रिकोहून एक गांधीलमाशी आणवली. आकाराने टाचणीच्या टोकाएवढी. ती या ढेकणाच्या अंगात अंडी घालते. ती सोडल्यावर कीड थोड्याच काळात ओसरली. आपल्या परसातही असे मदतनीस असतात. क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियाहून भारतात आणला गेला आणि आज तो इथलाच झाला आहे. त्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे धागे घेऊन फिरते, हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. मी पहिल्या दिवशी अशा दोन अळ्या चिरडल्या. मामांनी तिसरीवर धरलेला माझा हात अडवला. म्हणाले, ‘ही आपल्या बाजूची हाय.’ ओळख अशी : ढेकूण मंदगतीने सरकतो किंवा बसून असतो, अळी चपळ असते आणि ढेकणांच्या घोळक्यात खात हिंडते.

शेवटी विषाविषयी. माझ्या लहानपणी गॅमॅक्झिनची पावडर भिंतीच्या कडेने पिठासारखी पसरत आणि आम्ही तिच्यात अनवाणी खेळत असू. त्या पावडरीतल्या बीएचसीवर १९९७ साली आपल्या देशात बंदी आली. आज घरोघर खात्रीने वापरले जाते त्याचे पुढे काय ठरेल, याची हमी कोण देणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो इस्पितळात गेले. ती फवारणी मोठी, आपली लहान. पण चूक एकाच जातीची. काय फवारतो ते ठाऊक नाही, किती ते ठाऊक नाही, अंगावर संरक्षण नाही.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे प्रत्येक डब्यावर लेबल लागते आणि त्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. लाल आणि पिवळा रंग घराच्या परसात येता कामा नये. मोठ्या डब्यातून सुटे ओतून दिलेले औषध घेऊ नये. ते तसे विकणेही बेकायदा आहे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत औषध कधी भरू नये. वापरलेच तर लेबल जपून ठेवावे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘औषध कोणते?’ हाच असतो. त्या रात्री माझ्याजवळ लेबल असते, तर उपचार चाचपडत करावे लागले नसते.

आमच्या पेरूची हकीकत सांगून संपवतो. पहिला महिनाभर काही फरक दिसेना. घरच्यांनी थट्टा केली. दीड महिन्याने नवी पाने कोरडी आणि हिरवी आली. जुनी काळी पाने हळूहळू गळून गेली. मुंग्या पूर्णपणे कधीच गेल्या नाहीत. आजही चार-दोन खोडाशी हिंडतात. वर काही मिळत नाही, म्हणून रांग लागत नाही. पुढच्या दिवाळीत मी पहिली पाटीभर फळे शेजारी नेऊन दिली. त्या मुलाच्या आईने ती घेतली, माझ्यासमोर धुतली आणि मग एक फोड मुलाच्या हातात दिली. धुण्यात तिने काही चूक केली नाही.

आता वैशाख सरत आला आहे. पावसाआधीच्या या दिवसांत रांगा वाढतील आणि बाजारात बाटल्याही खपतील. आज घरी गेल्यावर बाटलीला हात लावण्यापूर्वी बॅटरी घ्या आणि परसातल्या झाडाचे एक पान उलटे करून पाहा, एवढीच विनंती.